इंजिन उघडताना मुलाला शेजारी बसवा

वाचकाचे पत्र

“कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे टर्निंगचे छोटे वर्कशॉप आहे. मुलगा वीस वर्षांचा असून मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी दसऱ्याला त्याला २०० सीसीची नवी मोटारसायकल घेऊन दिली. हप्ते अजून चालू आहेत. गाडी ११,००० किलोमीटर चालली असून एवढ्यात दोनदा क्लच प्लेटा बदलल्या, पुढच्या शॉकअपची ऑइल सील तीनदा गेली, चेन-स्प्रॉकेट संपले आणि आता इंजिन गरम झाले की खालून टकटक आवाज येतो. सर्व्हिस सेंटरने ‘गाडीचा गैरवापर झाला आहे’ असे लिहून वॉरंटी नाकारली. कंपनीचा मालच खराब आहे असे मुलगा सांगत होता, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून मी भांडायची तयारी केली होती. मग शेजाऱ्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पन्हाळ्याच्या रस्त्यावर पुढचे चाक उचलून गाडी पळवणारा मुलगा माझाच होता. पावसाळ्यात रस्त्यावर पुराचे पाणी आले तेव्हा पैज लावून त्याने गाडी पाण्यात घातली होती, हेही त्याच वेळी कळले. त्याची आई दर शुक्रवारी याच गाडीवर मागे बसून अंबाबाईच्या दर्शनाला जाते. आता ग्राहक आयोगाकडे जावे का, गाडी दुरुस्त करावी की विकून टाकावी, आणि मुलाशी काय बोलावे, हे कृपया सांगा.”

सप्रेम नमस्कार.

तुमचे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, परंतु माझी नजर तुम्ही प्रश्न म्हणून न लिहिलेल्या एका वाक्यावर अडली. मुलाची आई दर शुक्रवारी या गाडीवर मागे बसते. म्हणून सगळ्यात आधी गाडीची चावी तुमच्याकडे घ्या, आणि पुढे सांगितलेली तपासणी पूर्ण होईपर्यंत ती गाडी कोणीही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा, चालवायची नाही असे घरात सांगा. ही शिक्षा नसून खबरदारी आहे, हे मुलाला त्याच वेळी समजावून द्या. खालून टकटकणारे इंजिन धावत्या गाडीत जाम झाले तर मागचे चाक जागच्या जागी अडकून गाडी घसरते, हा एक धोका आहे. त्याहून मोठा धोका मला गाडीच्या पुढच्या बाजूला वाटतो, कारण तिथले नुकसान पुष्कळदा कसलाही आवाज न करता वाढत असते.

चाक वर उचललेले असते तेव्हा पुढच्या भागावर भार नसतो. नुकसान होते ते चाक खाली येताना. एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर झालेला असतो. इथे खाली येणारी वस्तू म्हणजे दीडशे किलोच्या आसपासची गाडी आणि तिच्यावर बसलेला तरुण, आणि त्यांच्या आघाताचा मोठा वाटा पुढच्या शॉकअपला दहा-बारा सेंटीमीटरांच्या हालचालीत पचवायचा असतो. तेवढ्यात तो पचला नाही, तर शॉकअप तळाला बसतो आणि उरलेला धक्का कशातही न मुरता हँडलच्या दांड्याला व तो जिच्यात फिरतो त्या चासीच्या मानेला जाऊन लागतो. तुमच्या गाडीची ऑइल सील तीनदा गेली, याचा अर्थ मी असाच लावतो. शॉकअपची नळी किंचित वाकली असेल किंवा तिच्यावर ओरखडा असेल, तर नवी घातलेली सीलही एका बाजूने घासून काही दिवसांत पुन्हा गळू लागते. दुसऱ्यांदा सील बदलतानाच नळी तपासायला हवी होती, असे मला स्पष्ट वाटते.

हँडल ज्या दोन बेअरिंगांवर फिरते, ज्यांना गॅरेजमध्ये कोनसेट म्हणतात, त्यांच्या कड्यांवरही या आघातांनी गोळ्यांचे बारीक खड्डे पडतात. हे घरच्या घरी कळते. पुढचे चाक जमिनीपासून उचलून धरायला सांगा आणि हँडल एका बोटाने डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडत असेल, तर कोनसेट गेलेला आहे. असे हँडल सरळ रस्त्यावर लहान लहान दुरुस्त्या सहजपणे घेत नाही, आणि वेगात गाडी डुलू लागते.

चासीच्या मानेविषयी तुम्हाला मी वेगळे काय सांगणार? लेथवर काम करताना तुटलेले शाफ्ट तुमच्या हातात कितीतरी वेळा आले असतील. तुटलेल्या तोंडाचा एक भाग काळपट, गुळगुळीत आणि शिंपल्यावर असतात तशा रेघांचा असतो. उरलेला भाग ताजा, दाणेदार आणि चमकता असतो. काळपट भाग महिनोन्महिने थोडाथोडा फाटत आलेला असतो आणि चमकता भाग शेवटच्या क्षणी तुटलेला असतो. ज्या दिवशी शाफ्ट तुटला त्या दिवशी त्याच्यावर नेहमीचाच भार होता, असे गिऱ्हाईक तुम्हाला सांगते आणि ते खरेही असते. स्टंट केलेल्या गाडीचे असेच होते. भेगेची सुरुवात पन्हाळ्याच्या रस्त्यावर होते, आणि ती पुरी होते एखाद्या साध्या दिवशी, गतिरोधकावरून सावकाश जाताना, मागे कोणीतरी विश्वासाने बसलेले असताना.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवत असताना माझ्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्या हाताची मोटारसायकल घेतली. मुलगा अतिशय शांत होता, आणि गाडी चाळीसच्या पुढे नेत नसे. दोन महिन्यांनी वर्गाला येताना एका खड्ड्यात गाडी आपटली आणि हँडलचा दांडा खालच्या ब्रिजपाशी, म्हणजे शॉकअपच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या आडव्या पट्टीपाशी, तुटला. त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले व समोरचे दात गेले. तुटलेला दांडा मी वर्गात आणून सगळ्यांना दाखवला. त्याच्या तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग काळा पडलेला होता. आधीचा मालक मित्रांना चाक उचलून दाखवत असे, हे नंतर चौकशीत कळले. त्या मालकाला खरचटलेसुद्धा नव्हते. आजही मी या विषयावर बोलतो तेव्हा मला तो विद्यार्थी आठवतो, आणि म्हणूनच तुमच्या पत्रातल्या शुक्रवारच्या उल्लेखाने मी अस्वस्थ झालो.

आता तपासणीकडे वळू. इतर गावांतल्या बापाला जी तपासणी दुरापास्त वाटेल, ती उद्यमनगरातल्या तुमच्यासारख्या कारागिराला सहज करता येईल. गाडीचा पुढचा भाग पूर्ण उतरवा. दोन्ही शॉकअपच्या नळ्या व्ही-ब्लॉकवर ठेवून वाकडेपणा काट्यावर दाखवणारे डायल गेज लावा आणि फिरवून पाहा. ब्रेकची डिस्क आणि रिम यांचा आऊट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, तोही डायलवर घ्या. प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या मापांची मर्यादा दिलेली असते, तिच्याबाहेर गेलेला भाग ठोकून सरळ करू नका, बदला. विशेषतः शॉकअपची नळी प्रेसवर सरळ करून पुन्हा बसवण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, तिच्या मी पूर्ण विरोधात आहे, कारण वाकून पुन्हा सरळ केलेला धातू दिसायला सरळ असला तरी आतून थकलेला असतो. त्यानंतर हँडलचा दांडा, खालचा-वरचा ब्रिज आणि चासीच्या मानेवरचे वेल्डिंग यांची डाय पेनिट्रंट तपासणी, म्हणजे भेगेत शिरणारा लाल रंग लावून भेग दाखवणारी तपासणी, करून घ्या. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत ओतीव मालाची अशी तपासणी नेहमी होते, आणि तुमच्या ओळखीत ती करणारे कोणी ना कोणी निघेलच. मानेवरचा रंग आधी काढायला विसरू नका, कारण रंगाच्या थराखालची भेग या तपासणीत दिसत नाही. मानेला भेग निघाली, तर ती वेल्डिंगने भरून गाडी चालवण्याचा विचारही करू नका. ती चासी बदलायची, नाहीतर गाडी भंगारात काढायची.

इंजिनाची गोष्ट थोडी लांब आहे, पण तुमच्या मुलाने कंपनीवर ठेवलेल्या आरोपाचा निकाल तिथेच लागतो, म्हणून सविस्तर लिहितो.

चाक उचलण्याची जी रीत मुले एकमेकांकडून शिकतात, तिच्यात क्लच दाबून इंजिनाचा वेग चढवतात आणि मग क्लच झटकन सोडतात. त्या क्षणी इंजिनाची ताकद, घर्षणाने तापलेल्या क्लच प्लेटांमधून, एका झटक्यात चेनवर येते. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये असले झटके सोसण्यासाठी रबराचे तुकडे बसवलेले असतात, तेही थोड्याच दिवसांत चेपून जातात आणि मग प्रत्येक झटका स्प्रॉकेटच्या दात्यांवर व गिअरच्या दात्यांवर थेट बसतो. क्लच प्लेटा आणि चेन-स्प्रॉकेट पाठोपाठ गेले, ते वेगवेगळे दोष म्हणून नव्हे. त्यांचे मूळ एकच आहे.

परंतु जळालेल्या प्लेटा बदलल्या म्हणजे नुकसान मिटले असे होत नाही. बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लच, गिअर आणि क्रँक यांना एकच ऑइल असते. प्लेटांवरून जळून सुटलेली काळी भुकटी त्याच ऑइलमध्ये मिसळते, जाळीवर साचते आणि जाळी जेवढी बुजेल तेवढे ऑइल वर कमी जाते. चाक वर उचललेले असताना याच्या जोडीला दुसरी गोष्ट घडते. इंजिनाच्या तळाशी जेमतेम लिटर-सव्वा लिटर ऑइल असते. गाडी मागे कलली की ते मागच्या बाजूला जमा होते, आणि ऑइल ओढणाऱ्या तोंडाची जागा मागे नसेल तर तिथे काही क्षण ऑइलऐवजी हवा येते. त्याच क्षणी मुठ पिळलेली असल्याने इंजिन सर्वाधिक वेगाने फिरत असते. इंजिनाचा वेग दुप्पट झाला की पिस्टनच्या वर-खाली होण्यातून, त्याला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण चौपट होतो. म्हणजे ज्या क्षणी बेअरिंगला ऑइलची गरज सर्वांत जास्त असते, नेमका त्याच क्षणी तिला ते मिळत नाही. इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झाल्यावर खालून येणारी टकटक, पुष्कळदा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची बेअरिंग खाल्ली गेल्याची असते. वरच्या बाजूला व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टही पाहा, कारण ऑइल सर्वांत उशिरा तिथे पोहोचते आणि अशा गाडीत कॅमच्या उंचवट्यावर ओरखडे सापडणे मुळीच आश्चर्याचे नाही.

मुलगा म्हणेल की इंजिनाचा वेग मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून गाडीत व्यवस्था असते. ती असते हे खरे, पण ती फक्त इंधन किंवा ठिणगी तोडू शकते. धावत्या गाडीत घाईने खालचा गिअर पडला, तर इंजिनाला चाक फिरवते, आणि तिथे ही व्यवस्था काहीच करू शकत नाही.

पुराच्या पाण्याची शंका मात्र वेगळी तपासावी लागेल. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी गाठते, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि २०१९ व २०२१ सालचे पूर आपण सर्वांनी सोसले आहेत. तरीही दर पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढून दाखवण्याची हौस काहींना आवरत नाही. वाहत्या पाण्यात माणसाचा जीव जाऊ शकतो, हे पहिले. गाडीपुरते बोलायचे तर २०० सीसीच्या इंजिनात पिस्टन सर्वांत वर आल्यावर उरणारी जागा साधारण २० मिलीलीटर असते, म्हणजे औषधाचे चार छोटे चमचे मावतील एवढी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवेच्या वाटेने त्याहून थोडे जास्त पाणी आत गेले, की वर येणारा पिस्टन पाण्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी कमी असेल तर रॉड अगदी थोडा वाकतो, गाडी सुरूही होते, आणि तिरका चालणारा पिस्टन पुढे कित्येक महिने बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीची, एक बाजू खात राहतो. म्हणून इंजिन उघडल्यावर रॉड हातात घेऊन दोन्ही टोकांची समांतरता मोजा. लेथवाल्याला ती कशी मोजायची हे सांगायला नको.

हे सगळे उघडताना मुलगा तुमच्या शेजारी बसलेला असला पाहिजे, आणि शक्य तेवढे काम त्याच्याच हातून झाले पाहिजे. तुम्ही मुलाशी काय बोलावे असे विचारले आहे. माझ्या मते पहिले दोन-तीन दिवस काहीच बोलू नका. त्याला ऑइलची जाळी काढू द्या. तिच्यातली काळी भुकटी त्याच्या बोटांना लागू द्या. डायल गेजचा काटा त्याने वाचावा आणि आकडा त्यानेच वहीत लिहावा. डाय पेनिट्रंटच्या पांढऱ्या पावडरीतून लाल रेघ वर येताना त्याने पाहावी, किंवा ती आली नाही तर सुटकेचा श्वास त्यानेच टाकावा. तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला प्रकल्प करायचा असेलच. स्वतःच्या गाडीच्या प्रत्येक बिघडलेल्या भागाचे माप, छायाचित्र आणि बिघाडाचे कारण असा अहवाल त्याने तयार केला, तर त्याच्या शिक्षकांना तो नक्कीच स्वीकारावासा वाटेल. तोपर्यंत तो तुमच्याशी खोटे बोलला, हा विषय बाजूला ठेवा. तो विषय निघायलाच हवा, परंतु भाग समोर मांडलेले असताना तो बहुधा त्याच्याच तोंडून निघेल.

बोलण्याची वेळ येईल तेव्हा त्याच्या नादाला नावे ठेवू नका. कोल्हापूर हे नादाचे गाव आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. त्याला माती उकरायला लावतात, जोर-बैठका मारायला लावतात, आणि पडावे कसे ते शिकवतात. वस्ताद समोर उभा असतो. खासबागेत कुस्ती पाहायला हजारो लोक जमतात, पण कुस्ती आखाड्यातल्या मातीवर होते. भर महाद्वार रोडवर कोणी कुणाला चितपट करत नाही, कारण तिथे भाजी घ्यायला आलेली माणसे असतात आणि खाली दगड असतो.

मोटारींच्या खेळालाही असे आखाडे आहेत. कोल्हापूरजवळच मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोईमतूरला मोठ्या शर्यतींचे ट्रॅक आहेत, आणि शर्यतीत उतरणाऱ्यांना परवाना देणारी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था आहे. मुलाला खरोखर गाडीवरचा ताबा शिकायचा असेल, तर एखादा दिवस ट्रॅकवर स्वतः घेऊन जा. ब्रेक कुठे लावायचा, वळणात नजर कुठे ठेवायची, हे तिथे एका तासात जेवढे कळते तेवढे रस्त्यावर वर्षभरात कळत नाही. व्यावसायिक स्टंट करणारे स्वार कसे काम करतात हेही त्याला पाहू द्या. त्यांच्या गाडीला चोहोबाजूंनी लोखंडी गार्ड असतो, चाक कमी झटक्यात उचलले जावे म्हणून मागे मोठे स्प्रॉकेट असते, मागच्या ब्रेकला हाताची वेगळी मूठ असते, आणि मागे कलल्यावर ऑइल तुटू नये याची तजवीज केलेली असते. पुढचा भाग ते वारंवार उतरवून तपासतात. सर्वांत मुख्य म्हणजे त्या गाडीवर कोणी आईला देवळात नेत नाही. जी गाडी स्टंटची, ती रस्त्याची नव्हे, हा त्या धंद्यातला पाळलेला नियम आहे, आणि व्हिडिओत तो दिसत नाही.

ग्राहक आयोगाबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे. जाऊ नका. वॉरंटीच्या अटींमध्ये शर्यत, स्टंट व गैरवापर यांमुळे झालेले नुकसान सर्वसाधारणपणे वगळलेले असते. आयोग गरज वाटल्यास वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि जळालेल्या प्लेटा, ओरखडलेला कॅम, वाकलेली नळी हे तिन्ही एकत्र पाहिल्यावर कोणताही जाणकार जे म्हणेल तेच तिथे लिहिले जाईल. शिवाय खरे काय घडले हे तुम्हाला आता माहीत आहे. मुलासमोर बापाने शपथेवर उलटे लिहून द्यावे, असे तुम्हालाही वाटत नसेल. तपासणीत एखादा भाग खरोखरच सदोष निघाला, उदाहरणार्थ ओतकामातला पोकळ दोष दिसला, तर गोष्ट वेगळी, आणि ते ओळखण्याची नजर तुमच्याकडे आहे.

विम्याचीही आशा धरू नका. वाहन विमा अपघातासाठी असतो. झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात येत नाहीत, आणि शर्यत किंवा वेगाच्या चाचणीसाठी केलेला वापर पॉलिसीतच वगळलेला असतो.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ याखेरीज लागू शकते. मित्रांच्या पैजेतली रस्त्यावरची शर्यत असेल तर कलम १८९ आहे. तुमचा मुलगा सज्ञान आहे. पण तुमच्याकडे येणाऱ्या कोणा गिऱ्हाइकाचा अल्पवयीन मुलगा असे करत असेल, तर त्याला सांगा की २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ खाली पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सायलेन्सर बदललेला असेल तर तो आजच मूळचा बसवा. फटाक्यासारखा आवाज काढण्यासाठी चालत्या गाडीची ठिणगी बंद-चालू करतात, तेव्हा न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटते. त्यात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळू शकतो, आणि रस्त्याकडेच्या घरातल्या आजारी माणसाला व तान्ह्या बाळाला त्रास होतो, तो निराळाच.

राहिला प्रश्न गाडी विकण्याचा. बेअरिंग बदलून, सील घालून, पॉलिश करून गाडी बाजारात उभी केली तर ती सहज विकली जाईल, कारण ११,००० किलोमीटर चाललेली गाडी घेणाऱ्याला नवीच वाटते. मीटर अंतर मोजतो, आघात मोजत नाही. ती घेणारा बहुधा कमी पैशात चांगली गाडी शोधणारा कोणी कामगार, शिक्षक किंवा विद्यार्थी असेल. माझा तो विद्यार्थी असाच होता. म्हणून विकायचीच असेल तर दोनच मार्ग मला मान्य आहेत. एक तर पुढचा संपूर्ण भाग नवा घालून, मानेची तपासणी करून, तपासणीच्या कागदांसह आणि सगळा इतिहास तोंडाने सांगून विका, किंमत कमी येईल ती येऊ द्या. नाहीतर सुटे भाग वेगळे करून विका, आणि त्यातही दांडा, ब्रिज व नळ्या कुणाला वापरता येणार नाहीत अशा कापून भंगारात द्या. दुरुस्त करून घरात ठेवायची असेल तर खर्चाचा हिशेब मुलाच्या वहीत त्याच्याच हाताने लिहून ठेवा, आणि त्यातला काही वाटा त्याने सुट्टीत तुमच्या लेथवर काम करून फेडावा. पूर्ण वाटा मागू नका. तुम्ही त्याला मोठी गाडी दिलीत तेव्हा ती कशी वापरायची हे त्याला कोणी शिकवले नव्हते, हेही त्या हिशेबात धरा.

मुलाच्या आईला अजून काही सांगितले नसेल, तर सांगा. तपासणीचे कागद आणि मुलाची वही आधी त्यांच्या हातात द्या, वाकलेली नळी असेल तर तीही दाखवा. मग एखाद्या शुक्रवारी मुलाच्या मागे पुन्हा बसायचे की केएमटीच्या बसने देवळात जायचे, हे त्यांनाच ठरवू द्या, आणि त्या जे ठरवतील त्यावर मुलाला काही बोलू देऊ नका.